नाव घातलेली डिस्क

॥ ॐ नमः शिवाय ॥

केज,
गुरुवार, ७ मे

तीर्थस्वरूप रुद्रप्पा मामा यांना,
ज्याचा नंबर तुम्ही ब्लॉक केला आहे त्या भाच्याचा, म्हणजे श्रीशैलचा, वाकून शरणार्थ.

गेल्या महिन्याच्या चौदा तारखेला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझं आयुष्य बदललं. तब्येतीची विचारपूस आधी करायची असते हे मला माहीत आहे, पण ती वेळ आधी लिहून ठेवली नाही तर पुढं रागाच्या भरात राहून जाईल. आता विचारपूस. तुमची शुगर कशी आहे? मामींचा गुडघा? वडवणीच्या दुकानात लग्नसराईची गर्दी असेल, कापड फाडून फाडून हात दुखत असतील, तरी गोळी वेळेवर घेत जा (हे आईनं सांगितलंय, मी रागात आहे, पण तुमच्या शुगरवर माझा राग नाही). इकडं आई बरी आहे, अप्पा बरे आहेत, भांड्यांचं दुकान बरं आहे. मी बरा नाही. आजच्या काळात पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुम्ही माझा फोन उचलत नाही, व्हॉट्सॅपवर तुमचा फोटो दिसायचा बंद झाला, आईच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून तुम्ही "रेंज न्हाई" म्हणालात आणि मागं मामी "रेंज हाय की" म्हणताना मला स्वच्छ ऐकू आलं. पोस्टमनला मात्र अजून कुणाला ब्लॉक करता येत नाही. म्हणून पत्र.

आणि एक गोष्ट आधीच ठणकावून सांगतो. हे पत्र कावेरीबद्दल नाही. येत्या रविवारी लातूरचा इंजिनियर तुमच्या लेकीला बघायला येणार आहे, त्याच्याशी या पत्राचा काडीचा संबंध नाही. हे पत्र हक्काबद्दल आहे. दाम मोजून घेतलेली वस्तू कुणाची, या प्रश्नाबद्दल आहे. तुम्ही व्यापारी माणूस, तुम्हाला कळेल.

तुम्ही फोनवर शेवटचं म्हणालात, "कॉलेज सोडलं आन् माळ्यावर बसून गेम खेळतोय." यातला पहिला भाग अर्धाच खरा आहे. कॉलेज मी सोडलं नाही, कॉलेजनं माझा अपमान केला म्हणून मी तिथून निघालो. वर्कशॉपच्या सरांनी मी कानशीनं घासलेला लोखंडाचा तुकडा सगळ्या वर्गाला दाखवला आणि "भांडेवाल्याच्या पोरानं भांडीच विकावीत" म्हणाले. मी कानस टेबलावर ठेवली, "विकतो" म्हणालो आणि अंगावरच्या खाकी ॲप्रनसकट संभाजीनगरच्या बसस्टँडवर आलो. (तीन विषय राहिले होते ही गोष्ट खरी आहे. पण राहिले नसते तरी मी निघालोच असतो. बहुतेक.) घरी आल्यावर अप्पांनी मला नाव घालायच्या मशीनवर बसवलं. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडं गिऱ्हाईक भांडं वाजवून बघायच्या आधी विचारतं, नाव घालून मिळंल ना? ती विजेची पेन्सिल टर्रर्र करत स्टीलवर फिरवायची आणि लिहायचं, 'भाचीस मामाकडून', 'कै. आईच्या स्मरणार्थ', 'तरुण मंडळ, पातेले परत करावे'. अप्पांचं म्हणणं असं की नाव घातलं की भांडं माणसाचं होतं, त्याआधी ते नुसतं स्टील असतं. गावजेवणात दोनशे ताटं एकत्र झाली तरी संध्याकाळी प्रत्येक ताट आपापल्या घरी जातं, ते या टर्ररमुळं. मी दोन लग्नसराया नावं घातली. बोटं अजून झोपेत थरथरतात. त्या कमाईतून मी कन्सोल घेतला, बापाच्या गल्ल्यातून नाही. हे लिहून ठेवा.

कन्सोल म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, कारण माझा पहिला तुम्हीच आणलात. मी चौथीत होतो, तुम्ही माल आणायला बीडला गेलतात आणि येताना तो काळा खोका आणि पिवळी कॅसेट घेऊन आलात. कॅसेटवर नऊ लाख नव्याण्णव हजार गेम लिहिले होते, आत सात निघाले. चालेनाशी झाली की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. एवढाच आमच्यातला करार. ती मी गल्लीत सगळ्यांना दिली. कुणी दुसऱ्या दिवशी परत आणली, कुणी दिवाळीनंतर आणली, पण कुठली कंपनी दारात येऊन म्हणाली नाही की या पोराला कावून, कशासाठी दिली. ती अजून माझ्याकडं आहे, मामा, आणि अजून चालते. अप्पा विचारतात, मोबाईलवर गेम येत नाहीत का? येतात. पण मोबाईलवर माणूस मान घालून एकटाच बसतो, आणि मध्येच कर्ज घ्या, दाढीचं क्रीम घ्या असं सुरू होतं. कन्सोलचं बटण दाबलं की तो फक्त चालू होतो. आणि त्याला दोन रिमोट असतात. दोन माणसं एका सतरंजीवर, एका टीव्हीसमोर, शेजारी शेजारी बसतात. (हे पत्र कावेरीबद्दल नाही.)

नवा घेताना मात्र मी फसलो. दुकानात दोन प्रकार होते, एक डिस्क घालायला फट असलेला आणि एक बिनफटीचा. बिनफटीचा सडपातळ, देखणा आणि स्वस्त. दुकानदार म्हणाला, आता डिस्क कोण वापरतं, गेम सगळे वरून येतात. वरून म्हणजे कुठून हे मी विचारलं नाही, कारण त्या वेळी मला वाटत होतं की वरून येतं ते चांगलंच असतं. खंडेनवमीला आईनं तराजूला, नाव घालायच्या मशीनला आणि कन्सोलला तीन बोटं विभूती ओढली आणि विचारलं, "गेम कुठंयत? त्यांना पण लावते." मी म्हटलं, ते आत आहेत. "आत कुठं?" मी म्हटलं, तसं आत नाहीत, कंपनीकडं आहेत. आईनं विभूतीचं बोट तसंच हवेत धरलं आणि म्हणाली, "मग कंपनीला लावाय सांग." मी तेव्हाच शहाणा व्हायला हवा होतो.

त्या वरून आलेल्या गेममध्ये एक होडीचा गेम होता. दोघांनी मिळून एकच होडी वल्हवायची. एकाकडं डावं वल्हं, एकाकडं उजवं. बेचाळीस बेटं, प्रत्येक बेटावर जाऊन दिवा लावायचा. धनेगावच्या धरणावर लांबून पाहिलेली सोडली तर मी किंवा कावेरीनं आयुष्यात होडी पाहिलेली नाही. तुम्ही तिला फार्मसीच्या शिक्षणासाठी आत्याकडं, म्हणजे आमच्या घरी, ठेवलीत, ती अभ्यास करून कंटाळली की माळ्यावर यायची, पुस्तक मांडीवरच असायचं, तेव्हा तिचा अभ्यास बुडाला असं कृपया समजू नका (माझा बुडायला काही उरलंच नव्हतं). पहिले पंधरा दिवस आम्ही एकाच जागी गोल गोल फिरलो. "तू कावून एवढं जोरात मारतो रे? मी हाय ना इकडून," असं ती म्हणायची. मामा, मला आजवर कुणी असं म्हटलेलं नव्हतं. सहा महिन्यांत एकेचाळीस बेटं झाली. शेवटच्या बेटावर दिवा लावला की तिला एक गोष्ट विचारायची असं मी ठरवलं होतं. कोणती गोष्ट, ते या पत्राच्या विषयात बसत नाही.

तर चौदा एप्रिल. जयंतीची सुट्टी, कावेरीचं कॉलेज बंद. रस्त्यावर निळे झेंडे लागलेले, दुपारच्या मिरवणुकीसाठी आई खाली सरबताचं पिंप भरत होती. कावेरीनं डावं वल्हं घेतलं, मी उजवं. अकरा वाजून वीस मिनिटं. बटण दाबलं. पडद्यावर होडी नाही, समुद्र नाही, आमची एकेचाळीस बेटं नाहीत. पांढऱ्या चौकटीत इंग्रजीत एक ओळ, तिचा अर्थ असा की हा गेम खेळण्याचा आपला परवाना आता उरलेला नाही. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. मामा, माझा खरा राग त्या बटणावर आहे. दुसरं बटणच नव्हतं. 'ठीक नाही' म्हणायची सोयच ठेवली नव्हती. मी अर्धा तास ते दाबलं नाही. माझ्याकडं बघून, टीव्हीकडं बघून शेवटी कावेरीनंच दाबलं. म्हणाली, "टीव्ही तापलाय."

मी कंपनीला लिहिलं. तिकडून एक बाई बोलायची (बाई की यंत्र, ते मला अजून कळलेलं नाही). ती इंग्रजीत, मी इंग्रजी अक्षरांत मराठी. ती म्हणाली, तुमची निराशा मी समजू शकते. मी म्हटलं, समजू नको, होडी दे. ती म्हणाली, गेम बनवणारे आणि आम्ही यांच्यातला करार संपला. मी म्हटलं, तुमचा संपला असेल, माझा कुठं संपला, मी दाबलेल्या बटणावर 'विकत घ्या' लिहिलं होतं. त्यावर तिनं अटींची प्रत पाठवली. त्रेसष्ट पानं. मी दोन दिवस बसून वाचली, इंजिनियरिंगचं एक पुस्तक एवढं वाचलं नसेल. एकोणिसाव्या पानावर लिहिलंय की आपण जे विकत घेतलं ते आपल्याला विकलेलंच नाही, फक्त खेळू दिलं होतं, आणि खेळू देणं कधीही बंद करता येतं. हे सगळं वाचलं, पटलं, अशी खूण मी वर्षापूर्वीच केलेली निघाली. ती खूण खोटी होती. पण ज्यानं त्रेसष्ट पानांवर खूण मागितली त्यालाही माहीत असणार की ती खोटी आहे. मामा, समजा तुम्ही शेजारच्या कौशल्याबाईंना लुगडं विकलं. आणि वर्षानं गिरणीचा आणि तुमचा करार संपला म्हणून तुम्ही भर बाजारात त्यांच्यासमोर जाऊन म्हणालात, बाई, लुगडं नेसू द्यायचं आम्ही आजपासून बंद केलंय, द्या इकडं. कौशल्याबाई काय म्हणतील ते मी तीर्थस्वरूपांच्या पत्रात लिहू शकत नाही.

मग मी बीडला गेलो. तक्रार घेणाऱ्या कचेरीतले साहेब भले होते, चहा पाजला, बिल बघितलं आणि विचारलं, वस्तू आणली का? मी म्हटलं, वस्तू नाही, हीच तर तक्रार आहे. ते म्हणाले, वस्तूच नसेल तर ती सदोष कशी म्हणायची? सदोष नाही साहेब, गेली. मग चोरी झाली म्हणा, पोलिसात जा. चोरी नाही, ज्यांनी दिली त्यांनीच नेली. साहेबांनी चष्मा काढला आणि अगदी मायेनं विचारलं, "मग पोरा, ती तुझी होती कधी?" केजपर्यंत बसमध्ये हा प्रश्न माझ्या शेजारच्या सीटवर बसून आला. (घरी अप्पांनी तर बिल उन्हाकडं धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बिल हाय, वस्तू न्हाई. मग इकलं काय रं त्यांनी?")

या अवघ्या जगात मला एकच माणूस शहाणा भेटला, तो सौरभ, संभाजीनगरला माझ्या खोलीत राहून लॅबचा कोर्स करणारा जोडीदार. तो शिकून पुरा झाला, आता शिरूर कासारच्या दवाखान्यात रक्त तपासतो. पहिल्या पगारात त्यानं जुना, फटीचा कन्सोल घेतला होता आणि होडीच्या गेमची डिस्क त्याच्याकडं होती. मी त्याच्या दारात उभा राहिलो आणि सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, "बिनफटीचा घेतला? येडा हायस का बे? म्हंजे दार नसलेलं घर घेतलं तू, आन् आता म्हणतो आत जाता येईना." त्याची आई भामाबाई तांदूळ निवडत होत्या. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की त्या आणि सौरभचे वडील ऊसतोडीला जायचे. त्या म्हणाल्या, "आमी सहा सहा महिने भाईर असतो. भांडीकुंडी, सौरभची पुस्तकं, ह्यो खोका, सगळं पेटीत घालून कुलूप. आलो की जिथल्या तिथं. कुणाला इचारावं लागलं न्हाई, आमचं हाय का म्हणून." मामा, त्रेसष्ट पानांत नसलेली गोष्ट भामाबाईंनी तांदळातून खडा काढता काढता सांगितली. सौरभनं डिस्क मला कायमची दिली ("मी दोनदा संपवलाय, आता तू बूड") आणि त्याचा खोका महिनाभर वापरायला दिला. दोघंही पैसे घेईनात. भामाबाई म्हणाल्या, एक परात पाठव, नाव घालून. मी विचारलं, नवऱ्याचं का सौरभचं? "भामाबाई घाल. परात मी वापरनार."

इथपर्यंत सगळं माझ्या बाजूनं होतं. जुनी एकेचाळीस बेटं या डिस्कवर नव्हती, पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं. मला पहिल्यापासून सुरू करायला काहीही हरकत नव्हती, उलट मी शिरूरहून येताना तीन गाड्या बदलल्या आणि तिन्हींत उभा राहून हसत आलो. मला वाटलं, ही डिस्क कावेरीला भेट द्यावी. आणि भेट म्हटली की आमच्या घरात पुढची गोष्ट आपोआप होते. डिस्कच्या एका बाजूला चित्र असतं, दुसरी बाजू आरशासारखी चकचकीत, अगदी स्टीलच्या ताटलीसारखी. आता तुम्हीच सांगा, आमच्या घरात तीन पिढ्या नाव कोणत्या बाजूवर घालतात? मी मशीन लावलं आणि चकचकीत बाजूवर, दोन्हीकडं फुलं काढून, सुंदर अक्षरात नाव घातलं: 'कु. कावेरी हिस श्रीशैलकडून सप्रेम भेट'. मग वर गेलो, कावेरीला बोलावलं, डिस्क फटीत घातली. जेवताना दाताखाली खडा यावा तसा आवाज झाला आणि कन्सोलनं ती बाहेर काढून दिली. परत घातली, परत बाहेर. सगळा गेम त्या चकचकीत बाजूवरच लिहिलेला असतो, मामा. मी बेचाळीसच्या बेचाळीस बेटांवरून नांगर फिरवला होता.

कावेरीनं डिस्क हातात घेतली, तिरपी धरली, वाचली. "ही ताटली हाय व्हय रे? वरण वाढू का हिच्यात?" म्हणाली आणि इतकी हसली की तिला घागरींच्या उतरंडीला टेकावं लागलं. मग तिनं परत एकदा वाचलं, त्या वेळी हसली नाही. ओढणीनं पुसून पिशवीत ठेवली. मी म्हटलं, ठेवून काय करशील, खराब झाली ती. तर म्हणाली, "झाली तर झाली. माझं नाव हाय तिच्यावर. कोनती कंपनी मागाय येत न्हाई आता." मी त्या दिवशी जेवलो नाही (आई म्हणते दोनदा जेवलो, मला आठवत नाही).

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या बाजूनं. परीक्षा झाली, कावेरी सुट्टीला वडवणीला आली, मामींना तिच्या पिशवीत डिस्क सापडली. मामींना इंग्रजी चित्राची बाजू दिसली, नाव दिसलं नाही, म्हणून त्यांनी ती गच्चीवर कुरडयांवर दोऱ्यानं टांगली, चमकून कावळे पळावेत म्हणून. कावळे आले नाहीत. कौशल्याबाई आल्या. वाऱ्यानं डिस्क फिरत होती म्हणून त्यांना तीन फेऱ्या लागल्या, पहिल्या फेरीत कावेरी, दुसऱ्या फेरीत श्रीशैल, तिसऱ्या फेरीत सप्रेम. चौथ्या फेरीला त्या तुमच्या दुकानात होत्या. मग तुमचा फोन. "लगीन म्हंजे गेम वाटला का बे तुला? आधी कॉलेजचे चार कागद पदरात पाड, मग माझ्या उंबऱ्यावर ये." मामा, त्या क्षणापर्यंत लग्न हा शब्द मी कुणापुढं काढलेला नव्हता. तुम्हीच काढलात आणि तुम्हीच फोन ठेवलात. तिसऱ्या दिवशी कळलं की लातूरकर ठरलाय.

गल्लीतल्या भिवराबाईंनी मला धीर दिला, "मामाची पोरगी हाय, भाच्याचा पयला हक्क आसतो, मामाला म्हणावं बघतोच." खरं सांगू? वर्षापूर्वी मी हेच म्हणालो असतो आणि तुमच्या दारात येऊन आरडाओरडा केला असता. पण त्रेसष्ट पानं वाचलेला माणूस हक्क हा शब्द जरा जपून उचलतो. वर कुठंतरी कुणीतरी ठरवतं की ही तुझी, मग तेच ठरवतात की आता तुझी नाही, आणि खाली एकच बटण, ठीक आहे. मला तसली व्यवस्था नको. ना माझ्या बाजूनं, ना लातूरच्या.

आणि परवा वडवणीच्या जीपवाल्याबरोबर तुमची यादी आली. एक परात, दोन घागरी, पाच डबे, बारा ताटं, एक घंगाळ. तळाला तुमच्या अक्षरात: 'सर्वांवर कावेरी असे घालावे. पुढे जागा सोडावी. नवऱ्याचे नाव रविवारनंतर कळवतो.' मामा, पोरगी बघायच्या आधी भांडी हे मी समजू शकतो, लग्नसराईत माल मिळत नाही. पण मी मशीनवर बसतो हे ठाऊक असताना ही यादी घालायला तुम्हाला केजमध्ये दुसरं दुकान मिळालं नाही? (मिळालं असतं तर मला त्याचाही राग आला असता, ही गोष्ट वेगळी.) मी ती यादी चार वेळा वाचली. मग मशीन सुरू केलं.

तर माझं म्हणणं एवढंच की मी कुणापुढं वाकणार नाही. कंपनीपुढं नाही, कचेरीपुढं नाही, आणि मोठ्या आदरानं लिहितो, तुमच्यापुढं नाही. यापुढं मी फटीचाच कन्सोल घेईन, हातात धरता येते तीच वस्तू घेईन, आणि ज्याच्यावर 'ठीक आहे' एवढं एकच बटण आहे त्याला हात लावणार नाही. मामींना नमस्कार. कुरडया पाठवल्या नाहीत तरी चालेल.

तुम्ही मानलंत तर तुमचा, न मानलंत तरी तुमच्या बहिणीचा,
श्रीशैल

ता. क. वर तीन विषय लिहिले आहेत. पाच होते. फॉर्म मागच्या सोमवारी भरलाय, ऑक्टोबरात बसणार आहे. तुमच्या फोनमुळं भरला असं समजू नका. त्या सरांना तोंड दाखवायचंय म्हणून भरला.

ता. क. दोन. भांडी तयार आहेत. प्रत्येकावर फक्त 'कावेरी' घातलंय. पुढं जागा सोडलेली नाही, नावापासून काठापर्यंत वेलबुट्टी काढून टाकली आहे. लातूरचं नाव त्यात बसणार नाही. माझंही बसत नाही, हे कृपया नीट बघून घ्यावं. नाव घातलेलं भांडं परत घेतलं जात नाही, ही पाटी आमच्या दुकानात माझ्या जन्माआधीपासून आहे.

ता. क. तीन. एवढं सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते राहिलंच. मामा, कावेरीला मी अजून काहीच विचारलेलं नाही. तुम्ही मला बोललात, लातूरकर ठरवलात, कौशल्याबाईंनी अर्ध्या वडवणीला सांगितलं, आईनं मनातल्या मनात साडीसुद्धा निवडली असेल, आणि जिला विचारायचं तिला ना मी विचारलं, ना तुम्ही. माझी मागणी पोरगी द्या अशी नाही. रविवारच्या आधी एकदा, तुमच्यादेखत, मला तिला विचारू द्या, एवढीच आहे. ती नाही म्हणाली तर लातूरकराची ताटं मी स्वतः पुसून देईन. (पुसताना बोलणार नाही, एवढी सूट असावी.)

ता. क. चार. पाकिटाला गोंद लावत होतो तेवढ्यात खालून तुमचा आवाज आला. तुम्ही म्हणताय, "दाजी, ह्याच्यावर पुढं जागा कुठं सोडलीय?" आणि अप्पा म्हणतायत, "न्हाई सोडली. माळ्यावर हाय तो, त्यालाच इचारा." आता एकेक डबा फिरवून बघितल्याचा आवाज येतोय. आई कुणाला तरी म्हणतेय, "तू कशाला आलीस गं एवढ्या उन्हात?" आणि कावेरी म्हणतेय, "माझी भांडी हायत ना आत्या, मी नको का यायला?"

पोस्टाचं तिकीट वाया गेलं. पत्र खिशात घेतोय. आधी तिला विचारणार, मग तुमच्याकडं वळणार. तोंडातून शब्द फुटला नाही तर हे तुमच्या हातात देईन. तेव्हा तुम्ही ही ओळ वाचत असाल तर मी तुमच्या समोर उभा आहे आणि मला घाम फुटलाय. चष्मा काढा आणि वर बघा. ही शेवटची ओळ जिन्यावर उभा राहून लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आलंय. माळ्याचं दार मागं ओढून घेतलंय, खाली उतरतोय.